विश्लेषण : विमानाचे तिकीट नेमके कधी काढावे? थांबल्याने ते खरेच स्वस्त होते का?

दिवाळी, नाताळ किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की घरोघरी एकच चर्चा सुरू होते : तिकीट आता काढायचे की आणखी थोडे थांबायचे? सकाळी पाच हजारांना दिसलेले तिकीट संध्याकाळी साडेसहा हजारांवर गेलेले असते आणि कधी कधी दोन दिवसांनी पुन्हा साडेपाच हजारांवर उतरलेलेही असते. चौघांच्या कुटुंबाला जाऊन-येऊन आठ तिकिटे लागतात. तिकिटामागे दीड हजाराचा फरक पडला तरी बारा हजार रुपयांचा प्रश्न असतो. त्यामुळे मंगळवारी काढा, मध्यरात्री बघा, मोबाइलवर सारखे शोधू नका असे सल्ले व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत राहतात. त्यात तथ्य किती, दर का बदलतात आणि थांबण्याचा फायदा कोणाला होतो, याचा आढावा.

दर ठरवते कोण?

देशांतर्गत विमानभाडे सरकार ठरवत नाही. १९५३च्या कायद्याने हवाई वाहतुकीवर सरकारी कंपन्यांची मक्तेदारी होती. तो कायदा १९९४ मध्ये रद्द झाला आणि भाडे ठरवण्याचे स्वातंत्र्य विमान कंपन्यांकडे गेले. कंपन्यांनी खर्च, सेवेचे स्वरूप आणि वाजवी नफा विचारात घेऊन भाडे ठरवावे आणि ते जाहीर करावे, एवढेच नियमांत सांगितले आहे. कंपन्या प्रत्येक मार्गासाठी किमान ते कमाल अशी दरांची शिडी तयार करतात. आज कोणत्या पायरीवरचे तिकीट विकायचे, हे संगणक ठरवतो.

इंधनामुळे भाडे वाढते, हे खरे आहे. पण विमान इंधनाचे दर तेल कंपन्या साधारणपणे दर महिन्याच्या १ तारखेला बदलतात. सकाळ-संध्याकाळच्या चढउताराचा इंधनाशी संबंध नसतो. ती चढउतार सगळी आसनांच्या हिशेबातून येते.

शेजारच्या प्रवाशाचे तिकीट स्वस्त कसे?

समजा, मुंबई-नागपूर विमानात १८० आसने आहेत. कंपनी ती एका दराने विकत नाही. काही आसने सर्वात खालच्या दराला, काही त्याच्या वरच्या, काही आणखी वरच्या दराला, असे दहा-पंधरा कप्पे केले जातात. प्रवासी एजंट त्यांना ‘बकेट’ किंवा ‘क्लास’ म्हणतात. खालचा कप्पा संपला की पुढचा उघडतो. आसन तेच, पाय ठेवायची जागा तीच, पाण्याची बाटलीही तीच. फक्त कप्पा वेगळा.

रेल्वेने सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना ‘फ्लेक्सी’ भाडे लावले. त्यात दर १० टक्के जागा भरल्या की मूळ भाडे १० टक्क्यांनी वाढते आणि ठरावीक कमाल मर्यादेवर थांबते. विमानाचे तत्त्व तसेच आहे, पण दोन मोठे फरक आहेत. विमानात तशी मर्यादा नाही आणि बंद झालेला स्वस्त कप्पा संगणक पुन्हा उघडू शकतो. बुकिंग अपेक्षेपेक्षा मंद असेल, प्रतिस्पर्धी कंपनीने दर पाडले असतील किंवा एखाद्या मोठ्या गटाने आसने सोडली असतील, तर भाडे खाली येते. ‘काल जास्त होते, आज कमी झाले’ हे त्यामुळेच घडते.

किती आसने स्वस्तात सोडायची, याचे साधे गणित १९७२ मध्ये ब्रिटनच्या ‘बीओएसी’ या विमान कंपनीतील केन लिटलवूड यांनी मांडले. स्वस्त तिकीट चार हजारांचे आहे आणि ऐन वेळी येणारा प्रवासी दहा हजार मोजायला तयार असतो, असे धरू. चार हजार म्हणजे दहा हजारांच्या ४० टक्के. मग एखादे आसन पुढे दहा हजारांना विकले जाण्याची शक्यता ४० टक्क्यांहून जास्त असेल, तर ते आज चार हजारांना विकायचे नाही, राखून ठेवायचे. शक्यता ४० टक्क्यांहून कमी असेल तर आजच विकून मोकळे व्हायचे. आजच्या संगणकप्रणाली कितीतरी गुंतागुंतीच्या झाल्या आहेत, पण त्यांच्या मुळाशी हाच विचार आहे.

या विचाराचे सामर्थ्य जगाला अमेरिकेत दिसले. तिथे १९७८ मध्ये विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठले आणि ‘पीपल एक्स्प्रेस’सारख्या स्वस्त कंपन्या मैदानात उतरल्या. १९८५ मध्ये ‘अमेरिकन एअरलाइन्स’ने त्यांच्याइतकेच स्वस्त भाडे जाहीर केले, पण मोजक्या आसनांवर आणि आगाऊ तिकीट काढणाऱ्यांनाच. उरलेली आसने कार्यालयीन कामासाठी ऐन वेळी निघणाऱ्यांसाठी महाग ठेवली. ‘पीपल एक्स्प्रेस’ला हा मारा झेपला नाही आणि दोनच वर्षांत ती नाहीशी झाली.

त्या लढाईतली एक गोष्ट आजही तिकिटाच्या अटींमध्ये दिसते. काही स्वस्त भाडी प्रवासाच्या २१, १४ किंवा ७ दिवस आधीपर्यंतच उपलब्ध असतात. विमान अर्धे रिकामे असले तरी ती मुदत उलटली की तो कप्पा बंद होतो. प्रवासाला १५ दिवस उरलेले असताना दिसलेला दर १३व्या दिवशी एकदम उडी मारतो, त्यामागे अनेकदा ही अट असते.

शेवटच्या क्षणी दर पडतात का?

संध्याकाळी मंडईत उरलेली मेथी निम्म्या दरात मिळते, मग रिकामे उडणारे आसन स्वस्तात का देऊ नये, असे अनेकांना वाटते. तर्क चुकीचा नाही. उडून गेलेले रिकामे आसन कंपनीला परत विकता येत नाही. पण मेथी संध्याकाळी घेणारा आणि विमानाचे तिकीट शेवटच्या दोन दिवसांत घेणारा यांच्यात फरक आहे. मेथी नाही मिळाली तर पालक घेता येतो. उद्या सकाळी दिल्लीत न्यायालयात हजर राहायचे असलेल्या, मुलाखतीला जायचे असलेल्या किंवा गावाकडून वाईट बातमी आलेल्या माणसाला पर्याय नसतो आणि तो मागाल तेवढे देतो. त्याच्याकडून मिळणारे जास्तीचे पैसे चार-सहा रिकाम्या आसनांच्या तोट्यापेक्षा जास्त असतात. शिवाय शेवटी दर पडतात हे एकदा लोकांना कळले की सगळेच थांबतील, ही भीती कंपन्यांना असतेच.

भारतात याला आणखी एक कारण जोडले गेले आहे. ‘जेट एअरवेज’ एप्रिल २०१९ मध्ये थांबली, ‘गो फर्स्ट’ची विमाने मे २०२३ पासून जमिनीवर आली आणि ‘विस्तारा’ नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एअर इंडिया’त विलीन झाली. देशांतर्गत प्रवाशांपैकी ६० टक्क्यांहून अधिक एकट्या ‘इंडिगो’कडे आहेत. पाच-सहा कंपन्या एकाच मार्गावर भांडत होत्या, तेव्हा शेवटच्या आठवड्यात दर पडण्याची थोडी तरी आशा होती. आता अनेक मार्गांवर एक किंवा दोनच कंपन्या आहेत. दिवसातून एकदाच विमान असलेल्या छोट्या शहरासाठी शेवटच्या आठवड्याची वाट पाहणे म्हणजे निव्वळ जुगार.

मंगळवार, मध्यरात्र आणि ‘इन्कॉग्निटो’...

मंगळवारी तिकीट स्वस्त मिळते, ही समजूत अमेरिकेतून आली. तिथे कंपन्या आठवड्याच्या सुरुवातीला सवलती जाहीर करत आणि मंगळवारपर्यंत प्रतिस्पर्धी त्यांची बरोबरी करत, असे सांगितले जाते. आता दर दिवसभर आणि आपोआप बदलतात. खरेदीच्या वाराचा फरक असलाच तर नगण्य आहे.

प्रवासाच्या वाराचा फरक मात्र मोठा आहे आणि या दोन गोष्टींची गल्लत होते. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून गोव्याला जाऊन रविवारी संध्याकाळी परतणे हा सर्वात महागडा बेत. तोच प्रवास मंगळवार ते गुरुवार केला तर बहुतेक वेळा बराच स्वस्त पडतो. दुपारी अडचणीच्या वेळी सुटणारे किंवा रात्री उशिरा पोहोचणारे विमान त्याच दिवशीही स्वस्त असते. मात्र मध्यरात्री उतरल्यावर घरापर्यंतच्या टॅक्सीत ती बचत जाणार नाही ना, हे आधी पाहावे.

एकच मार्ग वारंवार शोधला की कंपनी ओळखते आणि भाडे वाढवते, म्हणून ‘इन्कॉग्निटो’ खिडकीत शोधावे, हा सल्लाही लोकप्रिय आहे. त्याला खात्रीलायक पुरावा मिळालेला नाही. दरम्यानच्या वेळात कोणी तरी त्या कप्प्यातली शेवटची दोन आसने घेतलेली असतात, हे बहुतेक प्रसंगांत पुरेसे स्पष्टीकरण आहे. काही संकेतस्थळे तात्पुरता साठवलेला जुना दर यादीत दाखवतात आणि पैसे भरायच्या पानावर खरा दर येतो. तेव्हाही भाव ‘वाढवल्यासारखा’ वाटतो.

भाडे कधी पडणार, हे सांगता येते का?

अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ ओरेन एट्झिओनी भावाच्या लग्नाला सिअ‍ॅटलहून लॉस एंजलिसला निघाले होते. त्यांनी शहाणपणाने खूप आधी तिकीट काढले होते. विमानात सहप्रवाशांना विचारले, तर नंतर तिकीट काढलेल्या काही जणांना ते स्वस्त मिळाले होते. यातून २००३ मध्ये एक शोधनिबंध आला. ४१ दिवसांत गोळा केलेल्या १२ हजारांहून अधिक दरांच्या नोंदींवरून ‘आता घ्या’ की ‘थांबा’ हे सांगणारी प्रणाली त्यांच्या गटाने तयार केली. भविष्य अचूक माहीत असलेल्या माणसाने जेवढे पैसे वाचवले असते, त्याच्या सुमारे ६२ टक्के बचत या प्रणालीने चाचणीत करून दाखवली. त्यातून ‘फेअरकास्ट’ ही सेवा उभी राहिली. ती २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि पुढे ती बंद झाली.

आज ‘गुगल फ्लाइट्स’सारख्या सेवा सध्याचा दर त्या मार्गाच्या नेहमीच्या दरापेक्षा कमी, मध्यम की जास्त हे दाखवतात आणि दर बदलला की सूचना पाठवतात. त्यांचा खरा उपयोग भाकितासाठी नाही, तर तुलनेसाठी आहे. पुणे-दिल्लीचा नेहमीचा दर किती, हेच माहीत नसेल तर समोरचे पाच हजार स्वस्त की महाग हे कसे ठरवणार? प्रवास ठरताच सूचना लावून ठेवावी आणि आठवडाभर दर पाहावेत. त्या मार्गाचा अंदाज येतो.

मग तिकीट काढायचे कधी?

याचे उत्तर तारखेवर अवलंबून आहे. आपल्याला हवी असलेली तारीख इतर हजारो लोकांनाही हवी आहे का, हा प्रश्न आधी विचारावा.

दिवाळीच्या आधीचा शुक्रवार-शनिवार, भाऊबीजेनंतरचा रविवार, नाताळ ते नववर्षाचा आठवडा, मे महिन्यात शाळेच्या सुट्टीच्या सुरुवातीचे दिवस, मुंबईकर चाकरमान्यांसाठी गणेश चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस, विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळातली मुंबई-नागपूर विमाने : या तारखांना विमान भरणार हे कंपनीच्या संगणकाला मागच्या वर्षांच्या नोंदींवरून ठाऊक असते. तो सर्वात स्वस्त कप्प्यात मुळातच कमी आसने ठेवतो. इथे थांबून फायदा झाला तर पाच-सातशेचा होतो आणि तोटा झाला तर चार-पाच हजारांचा. हा विषम हिशेब एकदा लक्षात आला की निर्णय सोपा होतो. सणासुदीचे तिकीट दोन ते तीन महिने आधी, परवडेल असा दर दिसताच काढावे आणि नंतर पुन्हा दर बघत बसू नये. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. आरक्षण उघडताच सणाच्या गाड्यांची प्रतीक्षायादी लांबते आणि त्यातले अनेक जण विमानाकडे वळतात. म्हणजे प्रवासाच्या ६० दिवसांच्या आत आलात, तर त्या गर्दीशीही स्पर्धा आहे.

साध्या दिवसांचे गणित वेगळे. जुलै ते सप्टेंबरमधला पावसाळा, जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंतचे आठवड्यातले दिवस, मोठ्या शहरांमधले दिवसाला अनेक विमाने असलेले मार्ग : इथे सहा महिने आधी काढून विशेष काही मिळत नाही. उलट खूप आधी संगणकाने दर मधल्या पायरीवर ठेवलेला असू शकतो. देशांतर्गत प्रवासासाठी साधारण दोन महिने ते तीन आठवडे आधीचा काळ बरा समजावा. शेवटच्या दोन आठवड्यांत शिरू नये. कंपन्यांचे ‘सेल’ही बहुधा याच मंद हंगामासाठी असतात. जाहिरातीत मोठ्या अक्षरात भाडे आणि बारीक अक्षरात प्रवासाचा कालावधी असतो. तो बारीक मजकूर आधी वाचावा. सणाच्या तारखा त्यात क्वचितच असतात.

परदेश प्रवासाला हाच नियम लांबवून लावता येतो. दोन ते पाच महिने आधी, आणि नाताळात अमेरिकेतून घरी येणाऱ्यांनी किंवा ऑगस्टमध्ये शिक्षणासाठी तिकडे जाणाऱ्यांनी त्याहूनही आधी. विद्यार्थ्यांची अडचण खरी आहे. व्हिसा हातात नसताना तिकीट काढावे तर रद्द करण्याचा भुर्दंड, थांबावे तर भाडे दीडपट. अशा वेळी सर्वात स्वस्त तिकिटापेक्षा तारीख बदलण्याची मुभा असलेले थोडे महाग तिकीट परवडते. विद्यार्थ्यांसाठीच्या भाड्यात जादा सामानाची सवलतही काही कंपन्या देतात. देशांतर्गत मार्गांवर परतीचे तिकीट एकत्र काढल्याने सहसा काही वाचत नाही. परदेशी मार्गांवर मात्र अनेकदा जाऊन-येऊन तिकीट दोन सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त असते.

चार जण एकत्र शोधल्यावर दर का वाढतो?

स्वस्त कप्प्यात तीनच आसने उरली असतील आणि एकदम चार तिकिटे मागितली, तर बऱ्याच प्रणाली चारही आसने वरच्या कप्प्यातल्या दराने दाखवतात. म्हणून कुटुंबाने आधी एकाच व्यक्तीसाठी दर पाहावा. फरक दिसला तर तीन तिकिटे एका बुकिंगमध्ये आणि एक वेगळे काढता येते. मात्र बुकिंग वेगळे असले की विमान रद्द झाल्यास किंवा वेळ बदलल्यास दोन्हींसाठी वेगवेगळी धावपळ करावी लागते. लहान मुले किंवा ज्येष्ठ सोबत असतील तर काही रुपयांसाठी हे करू नये.

विमानतळ बदलूनही फरक पडतो. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाली, त्यामुळे पनवेल, उरण, खारघरच्या प्रवाशांना दोन दर तपासता येतात. गोव्यात दाबोळीसोबत जानेवारी २०२३ पासून मोपा आहे. सावंतवाडी, बांद्याकडे जाणाऱ्यांना ते जवळचे. तुलना मात्र घरापासून घरापर्यंतच्या खर्चाची करावी. सामान, आसननिवड आणि संकेतस्थळाचे ‘सुविधा शुल्क’ही त्यात धरावे. सुरुवातीला सर्वात स्वस्त दिसलेले तिकीट शेवटच्या पानावर तसे राहतेच असे नाही.

तिकीट काढल्यावर भाडे उतरले तर?

कंपनी फरक परत देत नाही. पण कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलेले तिकीट सुरुवातीच्या ठरावीक तासांत शुल्काशिवाय रद्द करण्याची किंवा बदलण्याची मुभा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे ‘डीजीसीए’च्या नियमांत आहे. अट अशी की प्रवासाची तारीख त्यानंतर काही दिवसांनी असावी. मुदत किती तासांची, हे तिकीट काढतानाच पाहून घ्यावे. चांगला दर दिसला तर आधी काढून ठेवा आणि मग घरच्यांशी बोला, असे करता येते.

आणखी एक नियम अनेकांना माहीत नसतो. रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. विमानतळाचे वापर शुल्क आणि सरकारी कर हे तर तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असले किंवा प्रवासी विमानतळावर पोहोचलाच नाही तरी परत मिळायला हवेत. ही रक्कम मागितल्याशिवाय मिळेल या भरवशावर राहू नये.

सरकार भाड्याला लगाम घालू शकते का?

घालू शकते, पण अपवादानेच घालते. करोनाकाळात २५ मे २०२० रोजी देशांतर्गत उड्डाणे पुन्हा सुरू झाली, तेव्हा उड्डाणाच्या कालावधीनुसार सात गट करून किमान व कमाल भाडे ठरवण्यात आले. मुंबई-दिल्लीसाठी ते सुरुवातीला साडेतीन ते दहा हजार होते. ३१ ऑगस्ट २०२२ पासून ही मर्यादा उठली. जानेवारी २०२५ मध्ये महाकुंभासाठी प्रयागराजची भाडी भडकली, तेव्हा कंपन्यांना उड्डाणे वाढवून दर आटोक्यात ठेवण्यास सांगण्यात आले. डिसेंबर २०२५ मध्ये ‘इंडिगो’ची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाल्यावर इतर कंपन्यांचे दर आकाशाला भिडले. तेव्हा ६ डिसेंबरला पुन्हा कमाल मर्यादा लागू झाली : ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, हजार किलोमीटरपर्यंत १२ हजार, दीड हजार किलोमीटरपर्यंत १५ हजार आणि त्यापुढे १८ हजार रुपये, कर व शुल्क वेगळे.

एरवी ‘डीजीसीए’चा कक्ष काही मार्गांवरील भाड्यांवर नजर ठेवतो आणि कंपनीने स्वतः जाहीर केलेल्या कमाल दराच्या आत भाडे असेल तर नियमभंग होत नाही. कमाल दर मुळातच उंच ठेवलेला असतो. त्यामुळे महिनाभर आधी तारीख ठरवू शकणाऱ्याला दरांच्या शिडीत खालची पायरी शोधता येते. मध्यरात्री फोन आला म्हणून पहाटेचे विमान पकडावे लागणाऱ्याला मात्र वरच्याच पायरीचे पैसे मोजावे लागतात. त्याच्यासाठी आजच्या नियमांत कोणतीही वेगळी तरतूद नाही.